पडद्यापुरती काटकसर

रायपूरच्या जुन्या वस्तीत ब्राह्मणपारा, तात्यापारा, बूढापारा आणि कंकालीपारा एकमेकांना असे खेटून उभे आहेत की एक कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला, हे परक्याला सांगता यायचं नाही. मराठी माणूस या मुलखात आला तो भोसल्यांच्या फौजेमागून. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकर छत्तीसगडावर चालून आले, १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार पाहिला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. सत्ता बदलली, घराणी राहिली. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी असा तिपेडी व्यवहार तेव्हापासून चालत आला.

या मंडळींना छापील अक्षराचं वेड होतं. जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक निघालं, तेव्हा त्याचे प्रकाशक होते वामनराव लाखे आणि संपादक रामराव चिंचोळकर व माधवराव सप्रे. तिघेही मराठी. मासिकाचं काम पेंड्र्याहून चाले, पण सुरुवातीचे अंक छापले गेले रायपूरच्या कय्युमी प्रेसात. तीन वर्षांत ते पैशांअभावी बंद पडलं. सप्रे मात्र थांबले नाहीत. ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेलं. ब्राह्मणपाऱ्यातलं आनंद समाज वाचनालयही याच वाचनवेडाच्या काळातलं.

अशा वस्तीत एखादं स्वस्त यंत्र विकत घ्यायचं झालं, तर पहिला प्रश्न काय असायला हवा? त्यावर आपलं अक्षर नीट दिसतं का, हा. प्रत्यक्षात २००८ ते २०१२ या काळात नेटबुक, म्हणजे छोटा स्वस्त लॅपटॉप, घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाने, रायपुरात काय नि पुण्यात काय, वेगळेच दोन प्रश्न विचारले: रॅम किती आणि हार्डडिस्क किती. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या चिपबद्दल, म्हणजे ग्राफिक्सबद्दल, दुकानदार आपणहून बोलत नसे आणि गिऱ्हाईक विचारत नसे. ग्राफिक्स म्हणजे पोरांचे गेम, अशी समजूत घट्ट होती. देवनागरी वाचणाऱ्यांनी तरी ती बाळगायला नको होती, कारण आपल्या लिपीचा संगणकातला प्रवेशच मुळी ग्राफिक्सच्या दारातून झाला आहे.

ऐंशीच्या दशकातला आयबीएम पीसी अक्षरं ठोकळ्यांत दाखवत असे. एका ओळीत ऐंशी ठोकळे, अशा पंचवीस ओळी, आणि प्रत्येक ठोकळा ९ बाय १४ ठिपक्यांचा. त्यात रोमन अक्षर आरामात मावतं. ‘र्‍हस्व’ किंवा ‘ज्ञानेश्वरी’ मावत नाही. वर रफार आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षराची गुंतागुंत, आणि डोक्यावरून अखंड जाणारी शिरोरेषा. आयआयटी कानपूरच्या संशोधकांनी यावर तोड काढली आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात देवनागरी संगणकाचा नमुना मांडला. त्या कामात आर. एम. के. सिन्हा यांच्याबरोबर मोहन तांबे होते. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे तंत्रज्ञान ‘जिस्ट’ या नावाने तिथे वाढलं. जिस्ट कार्ड हे पीसीच्या खाचेत बसवायचं एक वेगळं सर्किट होतं. ते बसवलं की वर्डस्टार, डीबेस, लोटस असे मूळचे इंग्रजी प्रोग्रॅमही पडद्यावर मराठी दाखवू लागत. त्या काळी ज्याच्या पीसीत ते कार्ड नव्हतं, त्याच्यासाठी मराठी संगणकात नव्हतीच.

नव्वदच्या दशकाअखेर हे काम हार्डवेअरकडून सॉफ्टवेअरकडे गेलं. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये युनिकोड देवनागरी आली आणि तिच्यासोबत ‘मंगल’ हा फाँट आला. तो कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. अक्षरासाठी कार्ड विकत घ्यायची गरज संपली, तशी पडद्याची चिंताही मागे पडली. आणि नेमक्या त्याच सुमाराला स्वस्त यंत्रांचं युग सुरू झालं.

स्वस्त यंत्राचा पहिला मोठा भारतीय प्रयोग छत्तीसगडापर्यंत पोहोचला होता, हे आज फार थोड्यांना आठवतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एनकोअर कंपनीतल्या अभियंत्यांनी ‘सिम्प्युटर’ घडवला, हातात मावणारा आणि लिनक्सवर चालणारा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिकाने २००१ च्या आढाव्यात त्याची वाखाणणी केली. छत्तीसगडात तो शिक्षणासाठी वापरून पाहिला गेला, कर्नाटकात जमिनीच्या नोंदींसाठी, मुंबईत महिंद्रच्या गाड्यांची इंजिनं तपासण्यासाठी, आणि गोव्यात डेंपोंच्या खाणीतलं लोखंडाचं खनिज बंदरापर्यंत कुठे पोहोचलं याची नोंद ठेवण्यासाठी. एप्रिल २००४ मध्ये ‘अमिडा’ या नावाने तो बाजारात उतरला. त्याचा दरफलक मोठा बोलका होता. एकरंगी पडद्याचं मॉडेल दहा हजारांच्या आसपास, आणि रंगीत पडदा हवा असेल तर जवळजवळ दुप्पट. हिशेबाचं यंत्र स्वस्त करता येत होतं, चित्र स्वस्त करता येत नव्हतं. पहिल्या वर्षात पन्नास हजार नग खपतील अशी अपेक्षा होती, खपले चार हजारांच्या घरात.

पडद्यावर काटकसर न करण्याचा हट्ट एकाच प्रकल्पाने धरला, आणि तो भारतात पहिल्यांदा उतरला महाराष्ट्रातल्या रायगड जिल्ह्यात. निकोलस निग्रोपाँटे यांच्या ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या मोहिमेला दिल्लीच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच नकार दिला होता. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ही कल्पना संशयास्पद आहे, असं तेव्हाचे शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांचं मत होतं. तरीही २००७ च्या पावसाळ्यानंतर कर्जत तालुक्यातल्या खैरात या डोंगरावरच्या वाडीत, एका शिक्षकाच्या आणि वीसेक मुलांच्या शाळेत, याच मोहिमेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले.

त्या यंत्राचा प्रोसेसर अगदीच साधा होता, ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड. मेमरी २५६ एमबी. पण मेरी लू जेप्सन यांनी त्याच्यासाठी जो पडदा तयार केला, त्याला तोड नव्हती. साडेसात इंचांत १२०० बाय ९००, म्हणजे इंचाला दोनशे ठिपके. आत दिवा लावला की रंगीत, आणि भर उन्हात दिवा बंद केला की कागदासारखा काळा-पांढरा, तरीही स्पष्ट. ओसरीवर बसून वाचणाऱ्या मुलांसाठी हे वरदानच. वीज मोजून मिळते अशा ठिकाणी दिवा बंद ठेवून वाचता येणं ही चैन म्हणायची की निकड, ते ज्याचं त्याने ठरवावं. एक्सओचं सॉफ्टवेअर फेडोरा लिनक्सवर आधारलेलं होतं, आणि फेडोरात देवनागरीसाठी असलेले ‘लोहित’ फाँट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. रेड हॅटने ते २००४ मध्ये सर्वांसाठी खुले केले होते.

यंत्र शंभर डॉलरला देण्याचं आश्वासन मात्र पाळलं गेलं नाही. २००७ अखेर एक्सओची किंमत १८८ डॉलरवर गेली आणि प्रकल्प मोठ्या खरेदीदारांची वाट पाहत राहिला. तैवानच्या असुस कंपनीने त्यातलं सार तेवढं उचललं: लोकांना छोटं, स्वस्त आणि हलकं यंत्र हवं आहे. जून २००७ च्या काँप्युटेक्स प्रदर्शनात ‘ई पीसी ७०१’ दाखवला गेला आणि ऑक्टोबरात तो विक्रीला आला. पडदा सात इंचांचा, ८०० बाय ४८०, दोन्ही बाजूंना स्पीकरच्या जाड पट्ट्या. साठवण ४ जीबी. प्रोसेसर ९०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन, तोही मुद्दाम ६३० वर मंद केलेला. जेप्सन यांचा पडदा या व्यवहारात कुठेच नव्हता. भारतात एचसीएलने जानेवारी २००८ मध्ये ‘मायलीप’ आणला, सगळ्यात स्वस्त मॉडेल १३,९९० रुपयांना. त्यामागोमाग एसर, डेल, एचपी, सगळेच आले.

जून २००८ मध्ये इंटेलने ‘अ‍ॅटम एन२७०’ बाजारात आणला आणि नेटबुकांचा साचा ठरून गेला. १.६ गिगाहर्ट्झ, १ जीबी रॅम, १६० जीबी डिस्क, दहा इंची पडदा, १०२४ बाय ६००, विंडोज एक्सपी. कंपनी कुठलीही असो, आत हेच. खुद्द अ‍ॅटम हा कौतुकाचाच चिप होता. ४५ नॅनोमीटरच्या तंत्राने बनवलेला, नखाएवढा, आणि अडीच वॅटवर चालणारा. पण त्याच्या जोडीला इंटेलने दिला जुना ९४५ चिपसेट, १३० नॅनोमीटरच्या तंत्राचा. चित्राचं काम करणारा जीएमए ९५० त्याच्याच पोटात होता. तो चिपसेट आणि त्याचा जोडीदार मिळून नऊ वॅटच्या वर वीज खात. मुख्य प्रोसेसर अडीच वॅटवर चालतो आणि सोबतचे दोघे त्याच्या जवळजवळ चौपट खातात, असा हा संसार. वर चित्राच्या कामात जीएमए ९५० कच्चा. हाय डेफिनिशन व्हिडिओ उलगडण्याचं काम त्याला येतच नसे. ते सगळं बिचाऱ्या अ‍ॅटमवर पडे आणि चित्र अडखळत चाले.

ठिपक्यांच्या सहाशे ओळींचा पडदाही कमी त्रासदायक नव्हता. विंडोजच्या पट्ट्या, ब्राउजरच्या पट्ट्या वजा केल्या की मजकुराला चारेकशे ओळी उरत. इंग्रजी मजकूर त्यात कसाबसा निभावे. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार यांसाठी जागा लागते, आणि मंगलमध्ये ओळींतलं अंतर तर सढळच आहे. फाँट लहान केला की ‘ध’ आणि ‘घ’ सारखेच दिसू लागत, मोठा केला की पडद्यावर मजकुराच्या चार ओळी. नागपूरची मराठी वृत्तपत्रं एकेकाळी रायपूरला रेल्वेने येत, मुंबई-हावडा मार्गावरून. आता ती ई-पेपर म्हणून फुकट दिसू लागली होती. पण ई-पेपर म्हणजे छापील पानाचं चित्र. ते १०२४ बाय ६०० च्या खिडकीतून वाचायचं तर एकेक रकाना वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं, आणि प्रत्येक सरकवण्याला जीएमए ९५० क्षणभर विचारात पडणार.

यात एक्सपीची एक गंमत होती, जिला हसावं की रडावं कळत नसे. एक्सपीत देवनागरी आपोआप सुरू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘काँप्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकोनात खूण करायची, की विंडोज म्हणे, सीडी घाला. नेटबुकला सीडी ड्राइव्हच नाही! काही कंपन्या त्या फायली डिस्कवर ठेवून देत, काही देत नसत. मग कुणाच्या तरी डेस्कटॉपवरून आय३८६ नावाचा फोल्डर पेनड्राइव्हवर आणायचा. हे न जमलेल्या घरांत मराठी मेल काना-मात्रा सुटी पडलेल्या स्थितीत वाचली जाई.

चित्राच्या या हलाखीवर एनव्हिडियाने डिसेंबर २००८ मध्ये उतारा जाहीर केला: आयॉन. कल्पना सरळ होती. अ‍ॅटम तोच ठेवायचा, इंटेलचा जुना चिपसेट काढायचा आणि त्याजागी जीफोर्स ९४००एम बसवायचा. हाच चिप तेव्हा अ‍ॅपलच्या मॅकबुकात होता. चित्रातले ठिपके रंगवणारे सोळा शेडर कोअर, डायरेक्टएक्स १०, आणि मुख्य म्हणजे हाय डेफिनिशन व्हिडिओ उलगडण्याची वेगळी सोय. इंटेलपेक्षा दहापट वेग, असा कंपनीचा दावा. दहापट हा जाहिरातीचा आकडा म्हणून सोडून दिला, तरी फरक डोळ्यांना दिसणारा होता. २००९ मध्ये लेनोव्होचा एस१२, सॅमसंगचा एन५१० आणि एचपीचा मिनी ३११ असे आयॉनवाले नेटबुक आले. मिनी ३११ अमेरिकेत ३९९ डॉलरला होता. पडदा ११.६ इंची, १३६६ बाय ७६८. सहाशेच्या जागी सातशे अडुसष्ट ओळी. गेम खेळणाऱ्यांनी आयॉनचं कौतुक केलं ते रास्तच, पण वाचणाऱ्याला त्या १६८ जादा ओळी अधिक मोलाच्या.

मग आयॉन घरोघर का पोहोचला नाही? एक कारण इंटेलचा दर. मे २००९ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी जाहीर तक्रार केली की इंटेल एकटा अ‍ॅटम ४५ डॉलरला देतं, आणि तोच अ‍ॅटम आपल्या दोन चिपांसह घेतला तर २५ डॉलरला. इंटेलने आरोप फेटाळला. आकडे बरोबर असतील, तर जुना चिपसेट टाकून देण्यासाठीच कंपन्यांना वीस डॉलर जादा मोजावे लागत होते, आयॉनचे पैसे वेगळे. तीन-चारशे डॉलरच्या यंत्रात हा बोजा थोडा नव्हे. दोन्ही कंपन्या त्याच वर्षी परवान्याच्या वादात कोर्टात गेल्या. जानेवारी २०११ मध्ये तडजोड झाली आणि इंटेलने एनव्हिडियाला दीड अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. तोवर नेटबुकांची लाट ओसरत आली होती.

दुसरं कारण अधिक चमत्कारिक आहे. आयॉन विकत घेतलेला माणूस पहिल्यांदा काय करून पाहणार? यूट्यूब. आणि यूट्यूब तेव्हा चाले अ‍ॅडोबी फ्लॅशवर. फ्लॅशला ग्राफिक्स चिपची ही नवी कला वापरताच येत नव्हती. डिस्कवरची चित्रफीत योग्य प्लेअरमध्ये १०८० रेषांत लोण्यासारखी चाले, आणि तीच यूट्यूबवर ७२० मध्ये धापा टाके. फ्लॅश १०.१ ची पक्की आवृत्ती जून २०१० मध्ये आली तेव्हा हा दोष गेला. म्हणजे पहिल्या पिढीचा आयॉन ज्याने घेतला, त्याने सुमारे वर्षभर अर्ध्याच चिपचा उपयोग केला. नेटबुकाची परीक्षा करताना नुसत्या चिपचं नाव पाहून भागत नाही, हे इथे पहिल्यांदा लख्ख दिसलं. त्याचा ड्रायव्हर कसा आहे आणि रोजचं सॉफ्टवेअर त्याला कामाला लावतं का, हेही पाहावं लागतं.

याची उलट बाजू इंटेलनेच दाखवली. सोनीच्या वायो पी आणि डेलच्या मिनी १२ मध्ये जीएमए ५०० हा चिप होता. तो मूळचा पॉवरव्हीआरच्या रचनेवरचा. त्याला व्हिडिओ उलगडता येत असे, कागदावर तो जीएमए ९५० पेक्षा सरस. ड्रायव्हर मात्र असे की विंडोज कुथत चाले आणि लिनक्सवाले हात टेकत. २०११ च्या डिसेंबरात आलेल्या ‘सीडर ट्रेल’ पिढीत इंटेलने पुन्हा पॉवरव्हीआरच घेतला, जीएमए ३६०० या नावाने. यावेळी विंडोज ७ च्या फक्त ३२ बिट आवृत्तीसाठी ड्रायव्हर निघाला. ६४ बिटवाल्यांना ठेंगा. त्याच चुकीवर दुसऱ्यांदा एवढा खर्च करणारी कंपनी विरळाच.

मधल्या पिढीने, म्हणजे डिसेंबर २००९ च्या ‘पाइन ट्रेल’ने, वीज वाचवली. ग्राफिक्स थेट अ‍ॅटम एन४५० च्या आत गेलं आणि सगळा संच सात वॅटच्या आसपास आला. बॅटरी तासांनी वाढली. चित्र जिथल्या तिथे. शिवाय ग्राफिक्स आता प्रोसेसरच्या पोटातच शिरल्यामुळे एनव्हिडियाला ते काढून आपलं बसवता येईना. तिने मार्च २०१० मध्ये आयॉनचा दुसरा अवतार काढला. वेगळा ग्राफिक्स चिप, स्वतःची मेमरी, पण जोडलेला पीसीआय एक्सप्रेसच्या एकाच चिंचोळ्या मार्गिकेने. दहा इंची यंत्रांत तर त्याचे निम्मेच, आठ कोअर चालू. ब्रॉडकॉमने याच काळात फक्त व्हिडिओ उलगडणारं ‘क्रिस्टल एचडी’ हे छोटं कार्ड आणलं. जिस्टच्या दिवसांत अक्षरासाठी खाचेत कार्ड घालावं लागे, वीस वर्षांनी सिनेमासाठी.

हा गुंता एएमडीने सोडवला. ४ जानेवारी २०११ ला लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात कंपनीने सी-५० आणि ई-३५० हे चिप आणले. प्रोसेसर आणि खरं रेडिऑन ग्राफिक्स एकाच तुकड्यावर, ऐंशी शेडर, डायरेक्टएक्स ११. सी-५० नऊ वॅटचा, ई-३५० अठरा वॅटचा. ई-३५० एचपीच्या डीएम१झेडमध्ये आणि लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स१२०ई मध्ये गेला. पण ज्याला खऱ्या अर्थाने चांगल्या चित्राचं स्वस्त नेटबुक म्हणावं, तो होता सी-५० वर बेतलेला एसरचा अस्पायर वन ५२२. दहा इंचांतच १२८० बाय ७२०, आणि टीव्हीला जोडायला एचडीएमआय.

त्याची पारख करायची तर ती दोन्ही बाजूंनी करायला हवी. व्हिडिओत तो अ‍ॅटमला सहज मागे टाके. १०८० रेषांचा सिनेमा टीव्हीवर न अडखळता. जुने, २००५ च्या आगेमागेचे गेम तपशील कमी करून खेळण्याजोगे चालत. वाचायला १२० ओळी अधिक, आणि दहा इंचांत ठिपके दाट असल्याने मराठी मजकुराच्या कडा स्वच्छ. दुसऱ्या बाजूला त्याचे दोन्ही कोअर १ गिगाहर्ट्झचे. नुसता हिशेबाचा वेग पाहिला, तर दीड गिगाहर्ट्झचा दोन कोअरवाला अ‍ॅटम एन५५० काही कामांत त्याच्या बरोबरीला येई. गेममध्ये ग्राफिक्स दमायच्या आधी प्रोसेसर दमे. रॅम १ जीबी, आणि तिच्यातूनच ग्राफिक्सचा वाटा जायचा. म्हणून ते यंत्र घेणाऱ्याने त्याच दिवशी २ जीबीचा मॉड्यूल घालून घेणं शहाणपणाचं. दुकानात ‘रॅम किती’ विचारणाऱ्याचा प्रश्न इथे बरोबर ठरे, जरी कारण त्याला ठाऊक नसलं तरी.

आणि एवढं सगळं झाल्यावर त्यावर मायक्रोसॉफ्टचं विंडोज ७ स्टार्टर बसवलेलं असे. या आवृत्तीत भिंतीवरचं चित्र बदलायची परवानगी नाही, एअरोच्या पारदर्शक काचा नाहीत, दुसऱ्या पडद्यावर डेस्कटॉप वाढवता येत नाही. सुरुवातीला तर एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालू देण्याचा विचार होता, तो मे २००९ मध्ये सोडून दिला. स्वस्त यंत्र महाग यंत्राचं गिऱ्हाईक पळवू नये म्हणून घातलेली ही कुंपणं. डायरेक्टएक्स ११ चं रेडिऑन आत, आणि खिडक्या मात्र करड्या.

चांगल्या चित्राचं नेटबुक तयार झालं तेव्हा गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं होतं. जानेवारी २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड दाखवताना नेटबुक कुठल्याच बाबतीत सरस नाहीत असं ठणकावलं होतं. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅब्लेट मिरवला. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, आणि पडदा पुन्हा तोच सात इंची, ८०० बाय ४८०, जोरात दाबल्याशिवाय न ऐकणारा. चार वर्षांपूर्वीच्या ई पीसीचा पडदा, फक्त कीबोर्ड काढलेला. छत्तीसगड सरकारने २०१३ मध्ये युवा सूचना क्रांती योजना आणली ती लॅपटॉप आणि टॅब्लेटची. नेटबुक तिथे नव्हतंच. असुसने २०१२ संपता संपता ई पीसी बंद केला, एसरनेही हात आखडता घेतला.

जुनी यंत्रं मात्र कपाटांत, माळ्यांवर आणि दुरुस्तीच्या दुकानांत आहेत, आणि त्यांची पारख आज वेगळ्याच निकषावर करावी लागते. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा आधार संपला. एन२७० हा ३२ बिटचा चिप, आणि उबुंटूसारख्या लिनक्स वितरणांनी ३२ बिटचे संच काढणं थांबवलं, त्यामुळे मिनी ३११ सारखी पहिली आयॉन यंत्रं उत्तम चित्र असूनही अडकून पडली. सीडर ट्रेलचा प्रोसेसर ६४ बिट चालवू शकतो, पण त्याच्या ग्राफिक्सला धड ड्रायव्हर नाही. सी-५० आणि ई-३५० हे ६४ बिटचे, आणि त्यांच्या रेडिऑनचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच खुल्या स्वरूपात आहे. अस्पायर वन ५२२ मध्ये २ जीबी रॅम आणि एक स्वस्त एसएसडी घातली, वर हलकं लिनक्स आणि लोहित देवनागरी फाँट बसवला, तर तो ई-पेपर उघडतो आणि मराठी टंकलेखन विनातक्रार करतो. ब्राउजरमध्ये तीनपेक्षा जास्त पानं उघडू नयेत, एवढं पथ्य.